सासूबाईंनी घेतलेली तपासणी

मी आयुष्यभर इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवलं, आणि दोन्ही विषयांनी मला काहीही शिकवलं नाही.

मुकुटबनजवळच्या आमच्या कॉलेजात इतिहासाला पोरं यायची, तत्त्वज्ञानाला ओढून आणावी लागायची. त्यात कापसाला भाव नव्हता ती वर्षं. वेचणी लागली की पोरं रोजानं शेतात. नेमकी तेव्हाच तपासणी आली. वर्ग रिकामा दिसला तर विषय बंद आणि मी 'अतिरिक्त', म्हणजे उचलून कुठंही फेकायला मोकळा.

पोरं माझ्याच सासूबाईंच्या शेतात वेचत होती. मी हात जोडले.

"आई, एक दिवस सोडा त्यांना. नोकरीचा प्रश्न आहे."

"अन् कापूस झाडावर ठेवू? तुमीच या इथं, जवाईबापू. फळा घेऊन या."

गेलो. तपासणीच्या साहेबांना शेतातच पाठव, असं शिपायाला सांगितलं, बांधावरच्या कडुनिंबाला फळा टांगला आणि मायावादावर सुरू झालो. (माझं एकदा सुरू झालं की शेजारी साप निघाला तरी दिसत नाही, असं बायको म्हणते.)

साहेब आले ते जीपनं, दोघांना घेऊन. आमच्याकडे मजूरही जीपनंच येतात, आणि सासूबाईंनी पांढरकवड्याहून मजूर सांगून ठेवले होते.

"काहून उशीर केला रे? ऊन डोक्यावर आलं."

"बाई, आम्ही सरांचा वर्ग बघायला..."

"मंग वेचता वेचता पाहा. पोरं तसंच करून राह्यली." आणि तिघांच्या कमरेला कापसाच्या ओट्या बांधूनही झाल्या. त्यांच्यापुढं सासऱ्यांचं कधी चाललं नाही, साहेबांचं काय चालणार?

मी फळ्याकडून वळलो तर मागं तीन नवे चेहरे.

"ओ चष्मेवाले, लक्ष कुठंय? जग माया आहे म्हणजे काय?"

साहेब बोंडाचं टोक लागलेलं बोट चोखत होते. "सर, हे तरी माया वाटत नाही."

तेवढ्यात बायको जेवण घेऊन आली. तिनं जीपवरची पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अहो, ते तपासणीवाले हायत."

मी घाईघाईनं तिघांच्या ओट्या सोडायला धावलो. सासूबाई शांत. "पहिलेच सांगाचं ना. बसा, भाकर खाऊन जा."

साहेब पोटभर जेवले आणि पूर्ण वर्ग हजर असल्याचं लिहून गेले. विषय वाचला. माझं घर, पोरांची शिक्षणं, सगळं त्या नोकरीवर झालं. सासूबाईंचे हे उपकार मी विसरणार नाही.

माझ्या निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. म्हणाल्या, "जवाई लय गुणाचा. पण वेचणीले मले तो चष्मेवालाच पाठवा. बोलत कमी होता."