हळद लावलेला उंदीर

अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकणाऱ्या कुंदननं हौसेनं विदेशी सापाचं पिल्लू पाळलं, पण ते काही खाईना. आता तर त्याच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. फ्रीजरमधला शेवटचा उंदीर त्यानं कोमट पाण्यात ठेवला, आंघोळ करून आला आणि चिमट्यात धरून जिवंत असल्यासारखा नाचवला. पिल्लानं जीभ काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"खाय ना बाप्पा, काहून सतावून राहिला मले?"

तेवढ्यात उंदीर चिमट्यात अडकवताना पिवळी झालेली स्वतःची बोटं त्याला दिसली.

"माय, याले काय लावलं वं?"

"हळद-मीठ," वांगी चिरता चिरता मनकर्णाबाई म्हणाल्या. "मटनाले लावतो तसं. वास मारून राहिला होता."

कुंदननं उंदीर खसखसून धुतला, पुन्हा कोमट केला, पुन्हा नाचवला. पिल्लू वेटोळं घालून कोपऱ्यात जाऊन बसलं.

"पिल्लू मरन ना आता. सापाले हळद लागते काय?"

"मंग रस्सा करू काय? कच्चं तं तुया बापानंबी कधी खाल्लं नाई."

कुंदननं दात-ओठ खात नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. नवे उंदीर पुढच्या आठवड्यात येणार होते. पिल्लू तोवर तग धरेल का, हे दुकानदारालाही सांगता येईना.