नागापूरची थंडी

मिरजगावात आमच्या घरी गहू कधी पेरायचा, ते अण्णांचं अंग ठरवायचं. अण्णा म्हणजे आमचे वडील. दिवाळी झाली की ते रोज पहाटे सदरा काढून उघड्या अंगानं ओट्यावर बसत. दंडावर काटा आला की म्हणत, "चला, पेरायला पाभर काढा." शेजारचे शेतकरीसुद्धा त्यांना विचारून मगच पेरणीला लागत.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते माझ्याकडे, आमच्याच जिल्ह्याच्या शहराला लागून असलेल्या नागापूरला राहायला आले. मी इथल्या एमआयडीसीत लागलो तेव्हा घराभोवती ज्वारीची रानं होती. पहिल्या पाळीला सायकलवरून जाताना बोटं बधिर व्हायची. आता त्या रानांवर कारखान्यांच्या शेड आहेत, उरलेलं सगळं डांबर आणि सिमेंट. ऊन गावातही वाढलंय, पण तिथली उघडी जमीन रात्रीतून निवते. आमचा स्लॅब दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत कोमटच असतो.

अण्णा इथेही पहाटे गच्चीवर उघडे बसू लागले. काटा काही येईना. तेवढ्यात गावी शेती बघणाऱ्या धाकट्या भावाचा फोन आला.

"अण्णा, इकडं गार पडलंय. गहू पेरू का?"

"आजून थंडी न्हाई. दम धर."

"आमी शाली पांघरतोय, अण्णा."

"तू ल्हानपनापास्नं थंडीला भितोस. मी सांगीन तवा पेर."

इथली हवा वेगळी आहे, असं मीही सांगून पाहिलं. "एका जिल्ह्यात दोन हवा असत्यात व्हय?" म्हणून त्यांनी मला गप्प केलं. भावानं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. तो थांबला.

पेरणी लांबली आणि दाणा भरायच्या वेळीच गव्हाला उन्हानं गाठलं. भावानं मूठभर गहू आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. दाणे चिमलेले होते. अण्णा खाली मान घालून दाणे चोळत राहिले. मला त्या दोघांकडे बघवेना.

यंदा भावानं न विचारता पेरणी उरकली आणि मग फोन करून कळवलं. "बरं केलंस," एवढंच अण्णा म्हणाले. त्या दिवसापासून ते गच्चीवर जात नाहीत. सकाळी उठून भावाला फोन लावतात, "तिकडं थंडी कितपत हाय?" तो म्हणतो, "लई हाय." मग फोन ठेवून, डोक्यावर पंखा फिरत असताना, अण्णा स्वेटर चढवतात.