पूजलेले मृदंग आणि जळालेला मांडव

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या ठाण्यात काय घडलं याचा गोंधळ होतो. सड्यावरच्या त्या मांडवाची घटना मात्र वेगळी राहिली. ती आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ठाण्याला फौजदार होतो. गावाचं, माणसांचं, पक्षांचं नाव सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, आणि त्यांची पोरंबाळंही आहेत. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. बी.ए. होऊन, परीक्षा देऊन मी फौजदार झालो, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. लपवत नाही.

निवडणुकीचे दिवस होते. आमच्या भागात तोवर प्रचार म्हणजे कसा, तर उमेदवार धोतर सावरत वाडीवाडीतून चालणार, अंगणात उभं राहून हात जोडणार, घरातून पाण्याचा तांब्या येणार, 'या हो, बसा' होणार आणि मंडळी पुढच्या घराकडे निघणार. विरोधकाचं नावसुद्धा कोणी घेत नसे. 'समोरचे' म्हणत. एका बाजूचे वयस्क उमेदवार, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते तर इतके मवाळ की त्यांच्या सभेला बंदोबस्ताला गेलेले शिपाई उभ्याउभ्या पेंगत.

त्या वर्षी अण्णांच्या बाजूने मुंबईहून एक तरुण वक्ता आला. जीप, जीपवर चार दिशांना कर्णे, बरोबर गिरणीतले आणि गोदीतले चाकरमानी. बाजारपेठेत त्याची पहिली सभा झाली. बंदोबस्तात मी नेहमी व्यासपीठाकडे पाठ करून उभा राहतो. भाषण कानांनी ऐकता येतं, डोळे लोकांवर हवेत. तो माणूस पहिल्याच वाक्यात समोरच्या उमेदवाराचं नाव घेऊन त्याला खुंट्याला बांधलेला बैल म्हणाला. माझ्यासमोरच्या गर्दीतून जी टाळी पडली तशी टाळी त्या पेठेत मी कधी ऐकली नव्हती. जन्मात आवाज न चढवलेली माणसं शिट्ट्या मारत होती. पेन्शनीतले एक गुरुजी मांडीवर थापा मारत होते.

सभा सुटल्यावर ते माझ्याजवळ आले. "फौजदारसाहेब, याला म्हणतात भाषण! आजवर आमचे लोक मतं मागत होते की जोगवा, तेच कळत नव्हतं."

मी म्हटलं, "गुरुजी, शाळेत पोरांनी असे शब्द वापरले असते तर छडी काढली असतीत."

"काढली असती," गुरुजी हसून म्हणाले, "पण शाळा वेगळी. इतकी वर्षं खाली मान घालून हरलो. आता निदान मान वर करून तर हरू."

मला त्यांचं म्हणणं समजलं. खोटं कशाला सांगू, अंगावर थोडा काटा माझ्याही आला होता. दबून राहिलेल्या माणसाला कोणी आपल्या वतीने मोठ्याने बोललं की बरं वाटतं. तो काही गुन्हा नव्हे. पुढच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, मासळीबाजारात त्याच भाषणातली वाक्यं ऐकू येऊ लागली. आणि समोरच्या बाजूचेही मग तसंच बोलू लागले.

मोठी सभा सड्यावरच्या एका गावात ठरली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. मांडव बांबूचा, वर झावळ्या आणि कापड. संध्याकाळी सभेआधी गावातले खेळे, मृदंगावर नाचत-गात सोंगं आणणारे कलाकार, नमनाचा खेळ करणार होते, म्हणजे लोक वेळेवर जमतील. त्यासाठी सकाळीच खेळ्यांचे दोन मृदंग व्यासपीठावर आणून, हार घालून, हळदकुंकू लावून पूजले होते.

दुपारी जेवणं आटोपून गाव आडवं झालेलं असताना मांडव पेटला. सड्यावर पाणी कुठलं? लोक कळश्या घेऊन धावेपर्यंत सगळं खाली बसलं.

फिर्याद द्यायला ठाण्यात आला तो गावातला अण्णांचा मुख्य कार्यकर्ता. त्याला सगळे तात्या म्हणत. चाळिशीचा, अंगाने आडवा, घामाने न्हालेला. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. तात्याचं म्हणणं असं: "मी पडवीत आडवा झालो होतो. वास आला म्हणून बाहेर आलो तर अख्खा मांडव पेटलेला. जवळ जायची सोय नव्हती. कायसुद्धा वाचवता आलं नाही."

"संशय कोणावर?"

"संशय कसला, सायेब? रॉकेलचा डबा घेऊन सड्याच्या वाटेनं जाताना बघितलाय त्याला. समोरच्यांचा तो बी.ए. झालेला पोरगा."

तो पोरगा मला ठाऊक होता. कुळवाड्याच्या घरातला, त्या वाडीतला पहिला पदवीधर. समोरच्या उमेदवाराचं बूथचं काम बघायचा. सरकारी नोकरीसाठी त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यातून जायची होती. जाळपोळीच्या गुन्ह्यात नुसती अटक दाखवली असती तरी ती नोकरी गेली असती. पुढे कोर्टात सुटला असता तरी कोणी परत बोलावणार नव्हतं.

अर्ध्या तासात जीप पाठवून त्याला आणला. पाठोपाठ जिल्ह्याच्या ठिकाणाहून वरिष्ठांचा फोन आला. "संध्याकाळच्या सभेआधी अटक दाखवा. तो मुंबईचा वक्ता पेटलेला आहे. दंगल झाली तर जबाबदारी तुमची."

मी म्हटलं, "सर, संध्याकाळपर्यंत गुन्हेगार दाखवतो." ते म्हणाले तेच मी म्हणालो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पोरगा समोर उभा राहिला. अगदी ताठ. "साहेब, मी पदवीधर आहे."

"मीही आहे. बस."

माझा हवालदार जुना, अनुभवी माणूस. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "साहेब, दोन कानाखाली दिल्या की कबूल करतो."

"कबूल करेलच. पण खरं की खोटं, ते कसं ओळखायचं?" मी विचारलं.

पोरगा म्हणाला की आज रेशनच्या दुकानात रॉकेल आलं होतं, ते घेऊन तो घरी गेला. त्याची वाट सड्यावरूनच जाते. टपरीवरचं त्याचं एक वाक्य शिपायांनी माझ्या कानावर घातलं होतं. मी विचारलं, "आणि टपरीवर तू म्हणालास की तुमचा मांडव कसा उभा राहतो ते बघतो. म्हणालास ना?"

त्याने मान खाली घातली. "म्हणालो. आमच्या माणसाला बैल म्हणतात, मी काय ऐकून घेऊ? पण बोललो तेवढंच. सगळेच बोलतायत, साहेब."

शिपाई पाठवून त्याच्या घरचा डबा बघितला. काठोकाठ भरलेला होता. पण तेवढ्याने तो सुटत नाही. रॉकेल दुसऱ्या डब्यातलंही असू शकतं. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती. मी त्याला कोठडीत न टाकता कारकुनाच्या खोलीत बसवला आणि दोन पंच घेऊन सड्यावर गेलो.

पंचनामा कंटाळवाणं काम असतं. बरेच अधिकारी तो जीपमध्ये बसून लिहवतात. मी राखेत उतरलो. शाळेची बाकं जळलेली, त्यांचे लोखंडी पाय उरलेले. कर्ण्यांचे पत्रे वाकडे झालेले. व्यासपीठाच्या जागी जोत्याच्या दगडावर हळदीचा डाग आणि काळे पडलेले तांदूळ. मृदंग इथेच पूजले होते. पण मृदंगाचं काही नव्हतं. त्याचं लाकडी खोड इतकं जाड असतं की त्याचा कोळसा तरी मागे राहतो. आमच्याही गावात खेळे होते, मला ते माहीत होतं.

बाजूला खेळ्यांपैकी एक म्हातारे उभे होते. मी विचारलं, "आजोबा, तुमचे मृदंग गेले का हो?"

"नाय ओ. देवलात हायत. तात्यानं काढून ठेवले."

"कधी?"

"ता तात्यालाच ठावं."

देवळात गेलो. सभामंडपात दोन्ही मृदंग ओळीने ठेवलेले. वर झेंडूचे हार टवटवीत. एक पाकळीसुद्धा कोमेजलेली नाही, कातड्यावर काजळीचा ठिपका नाही. पंचांना दाखवलं, तसं लिहून घेतलं, आणि तात्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

मी त्याला चहा दिला. आरडाओरडा केला नाही. माणूस शिव्यांची तयारी करून येतो, चहाची तयारी त्याने केलेली नसते.

"तात्या, मृदंग कोणी पूजले?"

"मीच की."

"पूजल्यावर खेळ होईपर्यंत जागेवरून हलवत नाहीत ना? आमच्याकडे नाही हलवत."

"आमच्याकडंबी नाय."

"मग ते देवळात कसे?"

त्याने कप खाली ठेवला. "आग लागली तसा धावत गेलो नि काढले."

"फिर्यादीत तर म्हणालात, जवळ जायची सोय नव्हती. आणि झेंडूला आच लागली नाही, तात्या. तुमच्या हाताचा केस जळलेला नाही."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "देवाचं वाद्य हाय ता, सायेब. ता कसं जालू?"

"आणि तो पोरगा? त्याला जाळायला हरकत नव्हती?"

तात्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. मग सगळं सांगितलं. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, वक्त्याने नाही आणि अण्णांनीही नाही. पेठेतली ती सभा ऐकून आल्यापासून त्याला झोप लागत नव्हती. "सायेब, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपलीबी माणसं मर्द हायत. म्हटलं, ह्यो जोर कमी व्हायला नको. समोरच्यांनी आपला मांडव जालला असं झालं की सगला तालुका पेटून उठंल." पोरग्याला डबा घेऊन जाताना त्याने खरंच पाहिलं होतं. तेव्हाच त्याला ही कल्पना सुचली.

जबाब नोंदवला, तात्याला अटक केली, आणि मी पुन्हा सडा गाठला. उन्हं उतरली होती. मांडवाच्या राखेभोवती मोठा जमाव होता. वक्ता जीपच्या बॉनेटवर उभा राहून बोलत होता. "पोलीस झोपलेत! आता आपणच त्या घराचा रस्ता धरायचा!" लोक हात वर करून ओरडत होते. पोरग्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. माझ्याबरोबर मोजके शिपाई.

मी लाठीचा हुकूम दिला नाही. गर्दीतून वाट काढत अण्णांपाशी गेलो आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी जीपकडे हात केला. "मला वर घ्या."

वक्त्याने त्यांची बाही धरली. "अण्णा, आत्ता नको. उद्या बघू."

"आत्ताच," अण्णा म्हणाले आणि त्याच्या हातातून माईक घेतला. "मांडव आपल्याच माणसाने जाळला आहे. कबूल केलंय त्याने. त्या पोराच्या घराकडे ज्याला जायचं असेल त्याने आधी माझ्या अंगावरून जायचं. मला असली मतं नकोत. बाजारातल्या सभेला टाळ्या मीही वाजवल्या होत्या, म्हणून मीच सांगतोय. घरी जा."

कोणी हललं नाही. मग गुरुजी, तेच मांडीवर थापा मारणारे, खाली वाकले, आपली छत्री उचलली आणि मुकाट वाडीकडे निघाले. त्यांच्यामागे एकेक करून बाकीचे. एकाही माणसाला लाठी लागली नाही. माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत मोठा बंदोबस्त मी तोच मानतो.

अण्णा निवडून आले की पडले ते सांगत नाही, त्यावरून लोक गाव ओळखतील. पोरग्याच्या पडताळणीचा अहवाल माझ्या टेबलावर आला तेव्हा तो रायटरकडे, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणाऱ्या हवालदाराकडे, न देता मी स्वतःच्या अक्षरात लिहिला: आक्षेपार्ह काही नाही. तो नोकरीला लागला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. जोरदार प्रचार लोकांना आवडतो, आणि तो आवडणारे सगळे वाईट नसतात. गुरुजींसारखी सज्जन माणसंही त्यात असतात. पण बंदोबस्तात तोवर मी गर्दीत रागावलेला चेहरा शोधायचो. त्यानंतर मी फार खूश झालेला चेहरा शोधू लागलो. रागावलेला माणूस बहुधा ओरडून मोकळा होतो. फार खूश झालेल्याला आपल्या माणसासाठी काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि ते काय, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. पुढे मोठ्या शहरांतल्या सभांनाही मला याचा उपयोग झाला.

त्या संध्याकाळी पोरग्याला सोडलं तेव्हा त्याच्या आईने त्याचं तोंड, पाठ, हात सगळं चाचपून बघितलं. वळ नव्हते. मग तिने मला विचारलं, "सायेब, त्या तात्याला लय मारलाव काय?"

"नाही."

"मंग ह्याला?"

"बघितलंत ना तुम्ही. त्यालाही नाही."

ती बाई चक्रावून गेली. "कोनालाच मारलाव नाय? मंग खरं कसं काय भायेर आलं?"

मी म्हटलं, "विचारून."