घरचे निर्णय कोण घेतं?

"वरील सारणीवरून असे स्पष्ट होते की…"

हे वाक्य चौथ्यांदा आलं आणि मी पेन खाली ठेवला. "अहो सर, सारणी मलाही दिसते. तुम्ही काहीतरी बोला की!"

समोर माने सर. उमरग्याला करारावर शिकवायचे. आठ दिवसांत प्रबंध जमा झाला नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, आणि कायम होण्याची जागाही गेली. मी संख्याशास्त्र शिकवून रिटायर झालेली. आकडे अडले की लोक माझ्याकडं येतात.

विषय होता घरातल्या निर्णयांत बायकांचा सहभाग. तामलवाडीकडच्या एका गावात सर्व्हे केलेला. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर टिक एकाच ठिकाणी: 'निर्णय मी स्वतः घेते.' खाली सरांचं डिस्कशन: ग्रामीण स्त्री सक्षम झाली आहे. झाली म्हणे! मला काय, गावातल्या कुत्र्यालाही पटलं नसतं.

"फॉर्म कुणी भरून घेतले?"

"मीच की मॅडम. लई पायपीट केली."

"बायकांनी स्वतः लिहिलं?"

"न्हाय, लिहिलं मालकांनी. बाया आमचा चहा टाकत होत्या."

मी कपाळावर हात मारला. बायको सक्षम आहे, हे नवऱ्यानं तिला न विचारता ठरवलं होतं!

डिस्कशन म्हणजे सारणी अक्षरांत उतरवणं नव्हे. आकडे कुणाच्या तोंडून आले, असेच का आले, भरवसा किती ठेवायचा, ते तिथं सांगायचं. आमच्याकडं तेवढं सोडून सगळं सांगतात.

त्यांच्या गाइडना फोन केला. "मॅडम, कशाला उकरता? फक्त भाषा बघा," ते म्हणाले. मी फोन ठेवला.

बायकांनाच पुन्हा विचारायचं ठरलं. पण परक्या पुरुषाशी त्या कशाला बोलतील? मग सरांच्या मिसेस गेल्या. चार दिवस खुरपणीच्या पातीत बसून त्यांनी एकेकीला विचारलं, फॉर्म भरले. सारणी पार उलटी झाली. सरांनी दोन्ही सारण्या शेजारी मांडल्या आणि फरक का पडला ते लिहिलं. चांगलं लिहिलं हो, खोटं कशाला बोलू.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं. सर डॉक्टर झाले, कायमही झाले. पेढे आणि बांधलेली प्रत घेऊन घरी आले.

मी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. गाइड, प्राचार्य, सरपंच, माहिती देणारे समस्त ग्रामस्थ. सगळ्यात शेवटी: 'घरची जबाबदारी सांभाळून मला मोकळीक देणारी माझी पत्नी.'

"आणि तिनं भरून आणलेले फॉर्म?"

"ते काय मॅडम, घरचंच काम झालं की," सर मनापासून म्हणाले.

मला रागच आला. पेढा तसाच डब्यात ठेवला.

तेव्हापासून कुणाचाही प्रबंध आला की मी सारण्या नंतर बघते. आधी ऋणनिर्देश वाचते.