मुठीचा गंज

आमच्या मंडळीत एक चाल होती. बाया भात टाकताना मूठभर तांदूळ मडक्यात वेगळे काढायच्या आणि रविवारी देवळात आणायच्या. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. भक्ती संपली की त्या तांदळाचा लिलाव व्हायचा. पैसा देवळाच्या रंगाला, पंख्याला लागायचा.

गोरे मिशनरी साहेब निघून गेले होते. त्यांचा दवाखाना बंद पडला होता. राहिलं देऊळ, आणि त्यात आम्ही, मिलमधले, रेल्वेतले, दोन-चार मास्तर. सत्तर सालाच्या आसपास नवे पाद्री आले. एका रविवारी त्यांनी विचारलं, "हे देऊळ उद्या पडलं तर बाहेरच्या कोणाचं काय अडेल?"

मग एक जुने पंच उठले. "कसं पडंल साहेब? आत्ताच तर पत्रे टाकले."

लोक हसले. पाद्री हसले नाहीत.

तेव्हा माझी बायको उठली. त्या आधीच्या उन्हाळ्यात आमची पोरगी सरकारी दवाखान्यात वारली. सात वर्षांची होती. वॉर्डात पेशंटला जेवण मिळे, सोबतच्या माणसाला नाही. आम्ही बाहेर कडूलिंबाखाली बसून असायचो. बाजूला खेड्यावरची माणसं, पाणी पिऊन पडलेली. हे सगळं तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तांदूळ विकू नका. शिजवा अन् त्या लिंबाखाली न्या."

पंच म्हणाले, "बाई, आपल्याले घंटा घ्यायची हाय. घंटेबिगर देऊळ कसं दिसते?"

"घंटा शिजते का जी?"

त्या दिवसापासून लिलाव थांबला. देवळामागं चूल मांडली. रविवारी खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, हातगाडीवर ठेवून आम्ही लिंबाखाली न्यायचो. लोक आधी बिचकायचे. एकानं विचारलंच, "जेवल्यावर आमाले किरिस्ताव करता का?"

बायको म्हणाली, "आधी जेव गा. तुह्या देवाले मी चुगली करत नाही."

बरीच वर्षं हे चाललं. देवळात माणसं वाढली नाहीत, पण जी होती ती भांडणं कमी करायला लागली. मग पाद्रींची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना पंचांनी आल्या आल्या घंटेचं सांगितलं. तांदूळ पुन्हा लिलावाला गेले. बायकोनं भांड भांड भांडून पाहिलं. तिचं पोट तेव्हाच दुखायला लागलं होतं. पोटात गाठ निघाली.

मी परत त्याच लिंबाखाली. एका रविवारी बाजूचा म्हातारा म्हणाला, "भाऊ, इथं रविवारी गंज येत होता म्हणते. नाही येऊन राहिला आता?"

"बंद झाला."

"काहून?"

"घंटा आली."

मी थट्टा करतो असं त्याला वाटलं असावं. तो माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. मग दुपट्ट्यातली अर्धी भाकर त्यानं मला दिली.

वॉर्डात बायकोनं विचारलं, "आला का जी आज?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायचं तर तिच्याशी कधी जमलंच नाही. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. गुरुवारी ती गेली.

नवी घंटा मयताला पहिल्यांदा वाजली ती तिच्याच.

माती देऊन घरी आलो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, मंडळीच्या बाया जेवण आणतात. तोच गंज घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. मागं पंच. मी दारातच आडवा उभा राहिलो.

"इथं नको. लिंबाखाली न्या."

"आजच्या दिवस तरी दोन घास खाय, बापू," पंच म्हणाले.

"खातो. तिथंच खातो."

बाया रडायला लागल्या. एकीनं पदर खोचला आणि गंज उचलला. कोणी हातगाडी काढली. पंच एका बाजूनं गाडी ढकलू लागले. लिंबाखाली तो म्हातारा अजून होता. त्यानं सरकून मला जागा दिली. मी पंगतीत बसलो, पत्रावळ पुढं केली. पंचांनी वाढलं.

पुढच्या रविवारी कोणी बोली पुकारली नाही. बायांनी मडकी सरळ चुलीपाशी नेली. गंज अजून जातो. पण 'आला' असं तिला सांगायला मिळालं नाही; तो उशीर माझा नाही, त्या सगळ्यांनी केला. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे आणि इथंही लिहितो.