पुस्तकबाईंची ऑडिशन

माझ्या थोरल्या नणंदेला, आमच्या वन्संना, नाटक मंडळात सगळे पुस्तकबाई म्हणत. नाटकाचं पुस्तक हातात धरून विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचे शब्द हळूच सांगायचे, हे काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं. दिवसा त्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत. पायांच्या शिरा फुगलेल्या, तरी संध्याकाळी सहाला तालमीला हजर. लग्न केलं नाही. "राहून गेलं," असं म्हणत, जशी काही दाराला कडी लावायची राहून गेली.

यंदा मंडळाने संगीत नाटक घेतलं. त्यात नावाड्याच्या आईची भूमिका होती. वय पन्नाशीचं, गाणी दोन.

"अगं, मी नाव दिलंय," वन्सं मला म्हणाल्या. "आमच्या वयाच्या बाईला नाटकात काम नसतं, असलं तर नुसतं खोकायचं असतं. हे हुकलं की मला थेट पणजीच व्हावं लागेल."

आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "ताई, तू स्टेजवर गेलीस तर तुला पुढचं कोण सांगणार?"

"मला पाठ असतं. तुझ्यासारखं नाही, भाजीला जायचं आणि काय आणू म्हणून दुकानातून फोन करायचा."

मी रोज सकाळी देवापुढे हात जोडते, मागत काही नाही. ऑडिशनच्या दिवशी मागितलं. म्हटलं, एवढं एक दे, बाकी तुझ्या मनासारखं कर.

ऑडिशन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. वन्संना सोबत म्हणून मी गेले. टेबलामागे नाटक बसवणारे ड्रॉइंगचे मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष बसले होते. आधी गाणं झालं. दुसऱ्या कडव्याला पेटीवाल्यांनी मान वर करून वन्संकडे पाहिलं आणि गाणं संपेपर्यंत खाली घातली नाही. मला वाटलं, झालं काम.

मग प्रवेश. मुलगा घर सोडून निघालाय, आई पाठ फिरवून उभी आहे. मुलाचं काम पोस्टातला कारकून करत होता. "आई, या घरात मला…" म्हणाला आणि अडला. वन्संच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, मी बाजूने बघत होते. मान न वळवता, ओठांच्या कोपऱ्यातून, सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "श्वास घ्यायला जागा नाही."

"श्वास घ्यायला जागा नाही," कारकून म्हणाला आणि सवयीने पुढच्यासाठी त्यांच्याकडे बघू लागला. त्यांनी पुढचंही सांगितलं. हॉल हसायला लागला. त्या गडबडीत आईचं स्वतःचं वाक्य आलं, "जा, पण मला सांगून जाऊ नकोस." तेही त्यांनी त्याच सपाट आवाजात सांगून टाकलं, जणू ते दुसऱ्याच कुणाला म्हणायचं होतं.

"पुन्हा घेऊ का?" वन्संनी विचारलं.

मास्तर हसून हसून डोळे पुसत होते. "कशाला? अहो पुस्तकबाई, तुम्ही इकडे आलात तर ही पोरं मेलीच. तुमच्या जागी कोण उभं राहणार?"

"कुणीही राहील. वाचता आलं की झालं."

"तसं नसतं हो. तुम्ही आमचा कणा आहात."

"आणि कणा कसा," अध्यक्ष म्हणाले, "दिसत नसला तरी…" त्यांना पुढचं सुचेना. ते वन्संकडे बघत राहिले. या वेळी वन्संनी शब्द सांगितला नाही.

भूमिका अध्यक्षांच्या सुनेला मिळाली. वय चौतीस. केस पांढरे करून घेऊ म्हणाले. त्या दिवशी ती ऑडिशनला आलीसुद्धा नव्हती.

रस्त्यात वन्सं म्हणाल्या, "चूक माझीच."

"त्याला अडू द्यायचं होतंत."

"सुचलंच नाही गं."

दुसऱ्या दिवशी त्या तालमीला निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. "जाऊ नका वन्सं. पुस्तक धरू दे त्या अध्यक्षांना."

"ती गाणं विसरेल."

"विसरू दे की."

"मग गाण्याचे हाल होतील. गाण्याने माझं काय वाईट केलंय?"

मी दारातून बाजूला झाले. देवाला मात्र मी त्यानंतर काही मागितलेलं नाही.

प्रयोगाला मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. हे गेले. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "बरं झालं नाटक. सुनेला मात्र सारखं सांगावं लागत होतं. ताईचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. शेजारचा माणूस वैतागला, म्हणाला, त्या आतल्या बाईला कुणीतरी गप्प करा."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? ती माझी बहीण आहे हे मी थोडंच सांगितलं त्याला."