बुचाची जीप

माझं ड्रायव्हिंग लायसन्स येऊन दोन वर्षं झाली तरी गाडी आली नव्हती. गाडी येणारच आहे, तू आधी लायसन्स काढून ठेव, असं नवऱ्याने सांगितलं म्हणून मी डहाणूच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये महिनाभर साडी सावरत क्लच दाबायला शिकले. आमच्या आगर गावात तोवर चारचाकी चालवणारी बाई नव्हती. आता लायसन्स असलेली आणि गाडी नसलेली एक झाली, असं शेजारणी म्हणायच्या. मला हसूही यायचं आणि रागही.

ही येणारी गाडी मोबाईलमध्ये राहत होती. दगडधोंड्यांतून चालणारी, चारही चाकांत ताकद असणारी, आणि तरीही आपल्यासारख्यांना परवडणारी. त्या जातीच्या ज्या दोन-तीन नावाजलेल्या गाड्या आहेत त्यांचा माज ही उतरवणार, असं प्रत्येक व्हिडिओत कुणीतरी ओरडून सांगायचं. नवरा बोटीवरून उतरला की जाळ्याला हात लावायच्या आधी मोबाईल उघडायचा. भोवती चारजण जमायचे आणि अंदाज सुरू व्हायचे. किंमत दर आठवड्याला उतरायची, ताकद वाढायची. एकाने तिचं छत काढता येतं असं ठरवून टाकलं होतं, दुसऱ्याने पुढे बोट ओढायचा विंच बसवला होता. तिसरा तर शपथेवर सांगायचा की त्याच्या मेहुण्याने ती हायवेवर काळ्या कापडात झाकून पळताना पाहिली. चित्र मात्र सगळ्यांकडे एकच, नुसता रंग वेगळा. मी शेजारी बोंबील उलटत ऐकायचे. गाडी माझ्यासाठी येणार होती आणि तिच्यात काय काय हवं हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मला हवं होतं ते अगदी साधं होतं. पावसाच्या आधी सुकी मासळी घेऊन मला पाड्यांवर पोचायचं होतं. रानशेतच्या आत आणि तिथून वर तलासरीच्या अंगाला जे पाडे आहेत तिथली गिऱ्हाइकं माझ्या सासूबाईंनी डोक्यावर टोपली घेऊन, पायी फिरून जोडली होती. पावसाळ्यात आमच्या बोटी बंद असतात, आणि तिकडे घराघरात शिंक्यावर सुकट-बोंबील असले तरच चार घास चवीने जातात. त्यामुळे मे महिन्यात सासूबाई जायच्या म्हणजे जायच्याच. मग त्या वारल्या आणि टोपली माझ्याकडे आली. मी चालत जात नव्हते. सीट भरून जाणाऱ्या जिपांनी जायचे.

त्या वर्षी मे महिन्यात जीपवाल्याने भर स्टँडवर माझ्या टोपल्या टपावरून खाली उतरवल्या. लग्नाला निघालेली माणसं आत बसली होती, त्यांनी नाकाला रुमाल लावले होते.

"मावशी, वास मारतो. सीट बसत नाय," तो म्हणाला.

"मासळीला मासळीचा वास येणार. तुझ्या डिझेलला काय अत्तराचा येतो?" मी म्हटलं. तोंड चालवून काही उपयोग झाला नाही. दुसरा थांबला नाही, तिसऱ्याने लांबूनच हात हलवला. दुपार होईपर्यंत मी उन्हात उभी राहिले आणि टोपल्या घेऊन घरी परत आले. पुन्हा दोनदा गेले, दोनदा तेच झालं. मग पाऊस लागला, वाटेतला नाला भरला आणि शेवटच्या पाड्यावर त्या वर्षी आमच्याकडची एक सुकटही पोचली नाही.

गणपतीच्या सुमारास तिथल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. सासूबाईंच्या वयाची बाई.

"आमी वाट बघली तुजी," ती म्हणाली. "पुढल्या साली नाय आलीस तर टेम्पोवाला येतो म्हनतो, त्याच्याकडून घेऊ. सांगून ठेवते हां."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. सासूबाईंनी उभ्या जन्मात जे बांधलं ते माझ्या हातून तीन वर्षांत सुटणार होतं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, येणारी गाडी कळायची तर आधी असलेली बघायला हवी. म्हणून आम्ही तिघं, तो, मी आणि सासरे, हायवेवरच्या शोरूममध्ये त्या नावाजलेल्या गाड्यांपैकी एक बघायला गेलो. सासरे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. वय झाल्यावर समुद्र सोडून बोटी दुरुस्त करायला लागले. फायबरच्या बोटीला भोक पडलं की अख्खा किनारा त्यांनाच हाक मारतो. शोरूममध्ये सगळे गाडीकडे समोरून बघतात. आमचे सासरे धुतलेल्या सदऱ्यानिशी सरळ चकचकीत लादीवर आडवे झाले आणि सरपटत गाडीखाली गेले.

"काका, काका, काय करताय?" विकणारा पोरगा धावत आला.

"तळ बघतोय," खालून आवाज आला.

"काका, ही दोन फूट पाण्यातून आरामात जाते."

"आनि पानी आत आला तर?"

"आत येणारच नाही ना, काका."

"अरे, मासळीचा पानी आतच असतो. तो कुठून जानार?"

पोराने माहितीपुस्तक उलटंसुलटं केलं. त्यात ते नव्हतं. आत कापडी सीट होत्या आणि पायाखाली मऊ गालिचा. किंमत ऐकून नवऱ्याने प्यायला पाणी मागितलं आणि माझ्या कानात म्हणाला, "आपली येणारी हिच्या निम्म्यात."

परतताना सासरे म्हणाले, "बाय, ती येनारी पन अशीच असनार. आपल्या कामाची गाडी कोन कशाला बनवेल? आपल्याला कोनी इचारलाय?" आणि मागे वळून त्यांनी मला विचारलं, "तुला काय पायजे तिच्यात?"

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारत होतं. मी घडाघडा सांगितलं. बादलीभर पाणी मारून धुता येईल असा तळ हवा. खाऱ्या पाण्याने सडायला नको. धुतलेलं पाणी आपोआप बाहेर पडायला हवं. पिंपं बांधायला कड्या हव्यात, आणि नाल्यापलीकडची चढण चढायची ताकद हवी. बाकी छत उघडो न उघडो. घरी येऊन सासऱ्यांनी ओट्याच्या भिंतीवर कोळशाने गाडी काढली. वरचं काहीच नाही, नुसता तळ.

रानशेतकडच्या एका चिकूच्या वाडीत मी मजुरांना सुकट विकायला जायचे. तिथे झाडाखाली चारही चाकांत ताकद असलेली एक जुनी जीप मरून पडली होती. खताच्या गोणी वाहून वाहून तिचा पत्रा सडला होता, तळाच्या भोकांतून गवत वर आलं होतं आणि मागच्या बाजूला कोंबडी अंडी घालत होती. मी सासऱ्यांना तिथे घेऊन गेले. ते हातोडी घेऊन आले होते. जुन्या बोटीची फळी ठोकून बघतात तसे त्यांनी खालचे लोखंडी दांडे ठोकले आणि कान लावून ऐकले.

"हाडा शाबूत हायत," ते म्हणाले. "फक्त पोट फाटलाय."

नवरा हादरलाच. "हे भंगार? बाबा, दिवाळीपर्यंत थांबा. ती येतेच आहे."

माझा पारा चढला. "कोणत्या दिवाळीला? दोन दिवाळ्या झाल्या. तुमची गाडी मोबाईलमध्ये डोंगर चढते आणि माझी मासळी स्टँडवर उन्हात बसते. मला ही हवी. हीच हवी." कोंबडी अंडी सोडून पळाली आणि वाडीच्या मालकाने लगेच किंमत सांगितली. एका नव्या मोटारसायकलच्या पैशात आम्ही ती जीप ट्रॅक्टरला बांधून आगरला आणली.

तलासरीचा एक मेकॅनिक तीन आठवडे इंजिनाशी झटला. तळ मात्र सासऱ्यांनी कुणाला शिवू दिला नाही. बोटीसाठी करतात तसंच: फायबरचं मॅट, त्यावर रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. कडा गुडघ्यापर्यंत वर घेतल्या, मागच्या बाजूला थोडा उतार दिला आणि शेवटी मुठीएवढं भोक ठेवून त्यात कापड गुंडाळलेलं लाकडी बूच ठोकलं. बुचाला दोरी बांधली. त्या कामात त्यांची एक चप्पल रेझिनमध्ये अशी चिकटली की शेवटी पट्टा कापून पाय काढावा लागला. सगळा किनारा गंमत बघायला यायचा.

"तांडेल, जीप मासे पागायला नेनार काय?"

"नेली तरी तुला नाय घेनार," सासरे मान वर न करता म्हणायचे.

नवरा आठ दिवस रुसून बसला. नवव्या दिवशी स्वतःच दिव्यांच्या वायरी घेऊन आला, आणि मग कागदपत्रं, पासिंग, सगळं त्यानेच केलं. त्या धावपळीत त्याचे व्हिडिओ बघायचे राहून गेले. मी ते बोलून दाखवलं नाही, एवढं शहाणपण मला आहे.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी सासरे, मागे नवरा आणि निळ्या पिंपांत घट्ट बंद केलेले बोंबील, सुकट, मांदेली. शेवटच्या पाड्याच्या अलीकडे नाला आहे. त्यावर पूल नाही, सिमेंटची बुटकी फरशी आहे. आदल्या दिवशी वर डोंगरात वळीव कोसळला होता आणि फरशी पाण्याखाली गेली होती. अलीकडच्या काठावर शोरूममधलीच ती नावाजलेली गाडी उभी होती, नवी कोरी. काळा चष्मा लावलेला शहरातला एक माणूस तिला टेकून उभा होता.

"ताई, नका घालू. आम्हीसुद्धा थांबलोय," तो म्हणाला.

सासरे बांबू घेऊन उतरले आणि ठोकत ठोकत पलीकडे जाऊन परत आले. "मांडीएवढा पानी. ओढ फार नाय. खाली घट्ट हाय. चल, बाय."

मी चारही चाकांचा दांडा ओढला आणि गाडी पाण्यात घातली. अर्ध्यापर्यंत छान गेली. मग एकदम स्टिअरिंग हलकं झालं. मी एक्सलेटर दाबतेय, चाकं फिरतायत आणि गाडीचं बूड आपलं हळूच डावीकडे सरकतंय.

"तरंगली!" सासरे आनंदाने ओरडले. "बग बाय, थेंब आत नाय! एक थेंब नाय!"

"बाबा, तिने तरंगायचं नाहीये! चालायचंय!" मी किंचाळले.

आम्ही जन्माचे बोटवाले. पाणी आत येऊ नये यापलीकडे आम्हाला काही सुचलंच नव्हतं. तळ इतका पक्का झाला होता की जीपची होडी झाली आणि चाकांना जमीन लागेना. फरशीच्या कडेपासून आम्ही दोन हात राहिलो होतो. तेवढ्यात मागून नवऱ्याने दोरीला हिसका दिला आणि बूच उपटलं. भसाभसा पाणी आत आलं. माझ्या घोट्यांपर्यंत आलं, त्याच्या पोटऱ्यांपर्यंत गेलं, आणि गाडी जड होऊन खाली बसली. चाकांनी सिमेंट धरलं ते मला बुडाखाली कळलं. मी पाय दाबला. जीप गुरगुरत पाण्यातून बाहेर आली आणि पलीकडची चढण एका दमात चढली.

वर थांबलो तेव्हा आत शिरलेलं सगळं पाणी त्याच भोकातून निघून जात होतं आणि पिंपांतली मासळी कोरडी ठाक होती. मी हसत सुटले. सासरे जरा दुखावले होते. "मुद्दाम कोन पानी घेतो काय आत?" ते पुटपुटत राहिले. मागे राहिलेल्या काठावरून चष्मेवाला मोबाईल धरून आमचं शूटिंग करत होता.

"कुठलं मॉडेल आहे हो?" त्याने ओरडून विचारलं.

"घरचं!" नवरा छाती फुगवून ओरडला. त्याच्याकडे बघून मला पुन्हा लग्न करावंसं वाटलं.

पाडा तिथून पाचच मिनिटांवर. गाडीचा आवाज ऐकून फोनवाली म्हातारी डबा हातात घेऊनच बाहेर आली. टेम्पोवाला आला असं तिला वाटलं होतं. तो आज-उद्या येणारच होता. तिने डोळ्यांवर हात धरून आधी गाडीकडे बघितलं, मग चाकामागे बसलेल्या माझ्याकडे. माझ्या साडीतून पाणी गळत होतं. मी काही बोलायच्या आत ती वळली आणि पाड्याकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली,

"आगरवाली आली गं!"

ही हाक सासूबाईंसाठीची. त्या टोपली घेऊन चढावर दिसल्या की म्हातारी अशीच हाक द्यायची. तीन वर्षं मला तिथे सगळ्याजणी आगरवालीची सून म्हणत होत्या. खाली वाकून बूच परत ठोकत असलेले सासरे तसेच थांबले, आणि मग हातातलं काम सोडून त्यांनी चेहरा सदऱ्याच्या बाहीत दाबला. मलाही रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

घराघरातून बायका डबे घेऊन निघाल्या होत्या. मी खाली उतरले आणि पहिल्या पिंपाचं झाकण उघडलं.